अंगणातलं पर्सिमन न तोडण्याबाबत

तीर्थरूप दादाला धाकट्या फुसाएचा गुडघे टेकून नमस्कार. (एकदा टेकले की उठायला शेजारच्या त्सुयाकोला हाक मारावी लागते, म्हणून नमस्कार फक्त लिहिला आहे. प्रत्यक्षात खुर्चीवर बसले आहे, राग मानू नकोस.)

पत्राची सुरुवात ऋतूपासून करावी असं आईनं शिकवलं, तेव्हा ऐक: थंडी पडली. झाला ऋतू. आता तुमच्या तब्येतीचं. तुझं कानातलं यंत्र कानात आहे की अजून कपाटात? वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, टीव्हीवर जाहिरात लागते त्या गोळ्या घेऊ नकोस, मी वर्षभर घेतल्या आणि त्यांनी फक्त भूक वाढली. चिरंजीवांच्या कुत्र्याची प्रकृती कशी आहे? तो अजून बाबागाडीतूनच फिरतो का? (परवा आमच्याकडे शहरातून एक जोडपं आलं होतं. बाबागाडी बघून आम्ही सगळ्या म्हाताऱ्या बाळ बघायला धावलो, तर आत स्वेटर घातलेला कुत्रा. तरी त्सुयाकोनं सवयीनं "अगदी आईवर गेलाय हो" म्हणून टाकलं, आणि ती बाई खूश झाली.) माझं म्हणशील तर मी ठणठणीत आहे. रक्तदाब तेवढा वाढला आहे, पण तो माझ्यामुळे नाही, अस्वलामुळे वाढला आहे, आणि त्याहीपेक्षा नगरपालिकेमुळे.

आमचं गाव तू बातम्यांत पाहिलंच असशील. डोंगरात यंदा झाडांना फळं धरली नाहीत म्हणतात, म्हणून अस्वलं खाली उतरली. पूर्वी डोंगर आणि गाव यांच्या मधे शेतं होती, शेतात माणसं होती. त्यातली अर्धी तुझ्यासारखी शहरात गेली, उरलेली देवाघरी गेली, आता तिथं कमरेएवढं गवत आहे. अस्वलाला वाटलं असणार, आपल्यासाठीच रस्ता मोकळा केलाय. कोपऱ्यावरच्या दुकानाचं आपोआप उघडणारं दार आता हातानं उघडावं लागतं, कारण ते दार आल्यागेल्यात भेदभाव करत नव्हतं. शाळेतल्या पोरांच्या दप्तराला घंटी, आम्हा म्हाताऱ्यांच्या काठीला घंटी, पोस्टमनच्या गाडीला घंटी. सकाळी सगळे एकदम बाहेर पडलो की गावात गोठा सुटल्यासारखा आवाज होतो. संध्याकाळी पाचला भोंग्यावर ते मुलांनी घरी जावं म्हणून गाणं लागतं ना, ते अजून लागतं (मुलं उरली नाहीत, पण गाणं बंद करण्याचा ठराव कुणी मांडत नाही). आता त्याच्या पाठोपाठ अस्वल कुठं दिसलं तेही सांगतात. इतक्या नम्र आवाजात सांगतात की ऐकताना वाटतं, अस्वल आपल्या घरी चहाला यायची परवानगी मागतं आहे.

मग नगरपालिकेनं लांडगा आणला. खरा नव्हे, यंत्राचा. लाल डोळे, कुरळी आयाळ, समोर काही हललं की मान फिरवून केकाटतो, दर वेळी वेगळ्या आवाजात. तो ओबोनाईभाऊंच्या शेताच्या बांधावर बसवला, पण ओबोनाईभाऊंना सांगायचं राहून गेलं. (तुझ्या वर्गातल्या किनुकोचा नवरा. तुला तो आवडायचा नाही, कारण तिला तू आवडायचास. जाऊ दे.) ते पहाटे मुळे उपटायला गेले, लांडगा केकाटला आणि भाऊ थेट पाटात. पाठीला मार लागला नाही, पण दातांची कवळी वाहत गेली ती गेलीच. आठवड्याभरात लांडग्याच्या पायाशी अस्वलाची विष्ठा सापडली. म्हणजे ज्याला घाबरवायचं तो तिथं निवांत बसून गेला. आता शहरातून पोरं लांडग्याबरोबर फोटो काढायला येतात आणि नगरपालिका त्याला पर्यटन म्हणते.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे तोगाशी. ही नगरपालिकेतली मुलगी, पंचविशीची असेल. आधी ती लग्न जुळवणी विभागात होती. गावात लग्नाचं कुणी उरलं नाही, तेव्हा टेबल तेच ठेवलं, पाटी बदलली आणि तिला अस्वल प्रतिबंध विभाग दिला. दिवसभर तिला लांबलांबच्या शहरांतून फोन येतात, अस्वलांना का मारता, ती बिचारी भुकेली आहेत, तुम्हाला हृदय नाही का, म्हणून. ती प्रत्येकाला उभी राहून, वाकून क्षमा मागते. फोनवरच्याला ते वाकणं दिसत नाही, पण ती वाकते. मी एकदा तिथं टोप्या विणणाऱ्या मंडळाची खोली मागायला गेले होते. एक बाई फोनवर इतकं ओरडत होती की मला लांबून ऐकू येत होतं. मी तोगाशीच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, "बाई, तुमचा पत्ता द्या. एक अस्वल थंड पार्सलनं पाठवते. पोचलं की फ्रीजमधे ठेवू नका, सोफ्यावर बसवा." फोन बंद झाला. तोगाशी मला म्हणाली, "आजी, असं बोलायचं नसतं हो," आणि टेबलाखाली वाकून इतकी हसली की वरचे साहेब उठून बघायला आले.

तर ही तोगाशी ऑक्टोबरात माझ्या दारात आली. केकचा डबा घेऊन आली, तेव्हाच मी समजले की काहीतरी वाईट मागायला आली आहे. आपल्या अंगणातलं आजोबांनी लावलेलं पर्सिमनचं झाड, ते तोडायचं. अस्वलं फळांच्या वासानं येतात, म्हणून गावातली फळझाडं काढायची, माणूस आणि करवत नगरपालिकेची, ओंडकेही ते नेणार. बहुतेकांनी हो म्हटलं. त्सुयाकोनं आपलं चेस्टनटचं झाड दिलं, ओबोनाईंनी दोन पर्सिमनं दिली. वर चढायला कुणी नाही, खायला कुणी नाही, मुलं फोनवर म्हणतात दुकानात तयार मिळतं की. मी म्हटलं, माझं झाड मी देणार नाही. ती म्हणाली, "आजी, आपल्याला त्रास द्यायला फार वाईट वाटतंय." मी म्हटलं, "मग देऊ नकोस." तिनं केकचा डबा आणखी पुढे सरकवला.

दादा, का देणार नाही ते सरळ सांगते, नाहीतर तू म्हणशील म्हातारी हट्टाला पेटली. पेटलेच आहे, पण कारण आहे. आमच्या गल्लीत आता एकेका घरात एकेकच बाई आहे. दिवसभर प्रत्येकीच्या घरातला टीव्ही बोलतो आणि ती ऐकते. पण नोव्हेंबरात फळं उतरली की तिघीजणी माझ्या ओसरीवर येतात, सुऱ्या घेऊन बसतात आणि तुरट फळं सोलून, दोरीला बांधून, वळचणीला माळा सोडतात. त्या दिवसांत जेवढं बोलणं होतं त्यावर आम्ही पुढचे सगळे बर्फाचे महिने काढतो. कुणाची सून आली नाही, कुणाच्या पोटात दुखतं, कुणी मेलं, सगळं सोलता सोलता बाहेर येतं. नुसतं "या गप्पा मारायला" म्हटलं तर एकही यायची नाही, सगळ्या म्हणतील तुम्हाला उगाच त्रास कशाला. काम असलं की येतात. ते झाड गेलं तर ओसरीवर कुणी येणार नाही, आणि मला ते सहन होणार नाही. म्हणून मी तोगाशीशी ठरवून घेतलं: पहिल्या बर्फाआधी झाडावरचं एकूण एक फळ उतरवते, मग झाड राहू दे. तिनं साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, एकही फळ दिसता कामा नये.

आता उतरवणार कोण? तोगाशीनंच मार्ग काढला. शहरातल्या कॉलेजच्या मुलांना "खेड्यातला अनुभव" देणाऱ्या कुठल्याशा मंडळींकडून तिनं डझनभर मुलं आणली. पोरं गोड होती दादा, उगीच नावं ठेवणार नाही. येताना प्रत्येकानं अस्वलाला पळवायचा तिखट फवारा आणला होता, त्यातल्या एकानं बसमधेच बटण दाबलं होतं, त्यामुळे सगळी रडत उतरली. मला वाटलं गावच्या दशेनं रडताहेत, म्हणून मीही चार अश्रू काढले. मग मी टोकाला चीर दिलेले बांबू दिले आणि आत चहा ठेवायला गेले. परत येते तर काय, एका मुलीनं झाडावरचं नारिंगी फळ पुसून चावलेलं. तिच्याकडे पाहून दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. तुरट पर्सिमन कच्चं खायचं नसतं हे मला वाटलं होतं जन्मतःच माहीत असतं. बोलायला जातात तर जीभ टाळूला चिकटलेली, आणि तशाही अवस्थेत मला वाईट वाटू नये म्हणून "फार चविष्ट आहे" असं म्हणायचा प्रयत्न करत होती. एकानं तर माझ्या देखत दुसरा घास घेतला. चांगल्या घरचा असणार.

पण खरी फजिती पुढे. फळ उतरवताना देठाजवळची काडी मुरडून फांदीचा तुकडा बरोबर घ्यायचा असतो, त्यालाच तर दोरी बांधतात. हे मी सांगितलं नव्हतं. पोरांनी अर्धं झाड खुडून टोपल्यांत भरलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, सगळी फळं बोडकी. माळेला एकही चालेना. मी ओरडले, मग ओरडले म्हणून क्षमा मागितली, मग त्यांनी क्षमा मागितली, मग तोगाशीनं दोघांची मागितली. वाकणं थांबेपर्यंत चहा गार झाला. शेवटी त्सुयाको म्हणाली, बोडकी फळं दारू पाजून गोड करू. देठाकडची बाजू दारूत बुडवायची आणि पिशवीत बांधून ठेवायची, तुरटपणा जातो. एवढी दारू आणायची कुठून? दादा, आई गेल्याच्या तेराव्या वर्षाच्या विधीला आला होतास तेव्हा कपाटात ठेवून गेलेली ती कागोशिमाची रताळ्याची दारू, जिला कुणी हात लावायचा नाही असं तू बजावलं होतंस, ती उत्तम लागू पडली. (फळं बुडवून उरली ती ओबोनाईभाऊंनी वाया जाऊ दिली नाही.)

उरलेलं अर्धं झाड नीट उतरलं. शेंड्याकडचं उतरवायला पोरं घाबरली, तेव्हा ओबोनाईभाऊ म्हणाले मी चढतो. वय एक्क्याऐंशी, तोंडात नवी कवळी, पोटात तुझी दारू. आम्ही खालून नको नको म्हणत होतो आणि शिडी धरत होतो. ते भराभर उतरवत गेले आणि मग खाली येऊन हात झटकून म्हणाले, "झालं बुवा." मी वर बघितलं. अगदी शेंड्याला एक फळ तसंच होतं. ओबोनाईंनी ते विसरलेलं नव्हतं, आणि मलाही ते ठाऊक होतं. झाड पूर्ण ओरबाडायचं नाही, एक फळ झाडाच्या राखणीला ठेवायचं, पुढल्या वर्षी झाडानं परत द्यावं म्हणून. आजोबांनी ठेवलं, बाबांनी ठेवलं. त्सुयाकोनं वर बघितलं आणि मग टोपलीत बघायला लागली. पोरांनी बघितलं, एकजण बांबू उचलायला गेला, तर ज्या मुलीनं पहिलं फळ चावलं होतं तिनंच त्याला कोपरानं ढोसलं. सगळ्यांत शेवटी तोगाशीनं वर बघितलं. एकही फळ दिसता कामा नये, असा तिच्या साहेबांचा हुकूम. मग तिनं घसा साफ केला, चष्मा काढून पुसला आणि चष्मा हातातच ठेवून म्हणाली, "मला तर आता एकही फळ दिसत नाही." दादा, त्या क्षणी ती मला आपल्या घरातलीच वाटली.

मागल्या आठवड्यात गुरुवारी सकाळी आम्ही चौघी ओसरीवर सोलत बसलो होतो. वळचणीला माळा लागल्या होत्या, त्सुयाको आपल्या जावयाबद्दल नको ते सांगत होती, आणि अस्वल आलं. कुंपणाच्या बाजूनं, आपल्याच घरी आल्यासारखं. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ झाडावर चढलं. कशासाठी, ते तुला सांगायला नको. शेंड्याला गेलं, ते एक फळ तोडलं आणि तिथंच दोन फांद्यांत बसून खाल्लं. एक फांदी मोडली. त्सुयाको पातेलं वाजवायला लागली. तेवढ्यात कुणीतरी कळवल्यावरून तोगाशी भोंग्याची गाडी घेऊन रस्त्यावर आली आणि तिनं भोंग्यावरून सुरू केलं, कृपया सर्व रहिवाशांनी घरात थांबावं, आपल्या गैरसोयीबद्दल मनापासून दिलगिरी. अस्वल खाली उतरलं. आता त्याला माळांचा वास लागला. ते ओसरीकडे आलं. बाकीच्या तिघी आत पळाल्या आणि त्यांनी सरकतं दार लावून घेतलं. (मला बाहेर ठेवून. हे मी त्यांना अजून ऐकवते आहे.) माझ्या हातात सोलायची सुरी आणि अर्धं सोललेलं फळ. उठायचं म्हटलं तर गुडघे उठू देईनात. त्यानं पुढचा पंजा उचलला आणि ओसरीच्या फळीवर ठेवला. कालच पुसलेली फळी, आणि पंजाला हा एवढा चिखल. दादा, मी भ्यायले होते, खोटं कशाला बोलू. पण तो चिखल बघितला आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, "ए! त्या पायांनी वर यायचं नाही!" तुला, मला, बाबांना, डॉक्टरला, सगळ्यांना या ओसरीवर आईनं ऐकवलेलं वाक्य, तेच आणि तिच्याच आवाजात. अस्वलानं पंजा खाली घेतला. माझ्याकडे बघितलं, फुसफुसलं आणि कुंपणाकडून निघून गेलं. तोगाशी म्हणते भोंग्याला घाबरलं. म्हणू दे, तिला तेवढंच कामाला येईल.

पण गोष्ट लपण्यासारखी राहिली नाही. मोडलेली फांदी, फळीवर पंजाचा ठसा, भोंगा सगळ्या गल्लीनं ऐकलेला. नगरपालिकेची बैठक बसली आणि साहेब म्हणाले, झाड काढायचंच. एका फळापायी झाड जाणार. तोगाशीनं येऊन सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. मी तिला म्हटलं, फळ तिथं मी ठेवलं होतं, तू नाहीस. आणि सांगते, पुढल्या वर्षीही ठेवीन. आता वाकून वाकून माझा चहा गार करू नकोस. त्सुयाको आणि बाकीच्या म्हणतात, झाडाला साखळी बांधून आपण तिघी बसू. (चौथीला मूळव्याध आहे, ती उभी राहील.) मी हे सगळं तुला नुसतं करमणूक म्हणून कळवते आहे. तू काळजी करू नकोस, उबदार कपडे घाल, आणि वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
फुसाए

ता. क. दादा, करमणूक म्हणून लिहिलं नाही. घर आणि जागा बाबांनी थोरला म्हणून तुझ्या नावावर केली, त्यामुळे झाड तोडायला संमती तुझी लागते, माझी नाही. नगरपालिकेतून तुला फोन येईल. तुला नाही म्हणता येत नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच तर तुझ्याकडे तीन विमा पॉलिसी आणि दोन पियानो आहेत. तेव्हा नाही म्हणू नकोस. नुसतं म्हण, "विचार करून सांगतो." आपल्याकडे एवढं म्हटल्यावर कुणी पुन्हा विचारत नाही.

ता. क. दुसरा. पत्र पेटीत टाकायच्या आधीच तोगाशी येऊन गेली. तुझं तिच्या साहेबांशी मंगळवारीच बोलणं झालं म्हणे, आणि तू हो म्हणालास. वर म्हणालास की बहीण एकटी आहे, तिच्या जिवापुढे झाड काय. दादा, मला आधी फार राग आला, मग रडू आलं. तोगाशीसमोरच रडले. माझ्या काळजीनं तू हो म्हणालास हे मला समजतं, पण एकदा मला विचारायचं होतंस.

ता. क. शेवटचा. मग मी डोळे पुसून तिला म्हटलं, आमच्याकडे घरचं झाड पाडायचं तर घरच्या थोरल्यानं स्वतः उभं राहून मुळाशी तांदळाची दारू ओतायची आणि झाडाची माफी मागायची असते, त्याशिवाय करवत लावू देत नाहीत. ती लगेच म्हणाली, "म्हणजे मालकांना यावं लागणार. कधी येतील?" मी म्हटलं, "येतो म्हणालाय." (तू दर वर्षी म्हणतोसच.) ती म्हणाली, "मग ते येईपर्यंत थांबायलाच हवं, मी साहेबांना सांगते," आणि मान खाली घालून बूट घालायला लागली, पण मला हसू दिसलं. आईचा तो विधी झाला तेव्हापासून मी तुला ये ये म्हणते आहे. दर नव्या वर्षाला तुझी गादी उन्हात घालते आणि परत ठेवते. ते सगळं विसर. दादा, हात जोडते, येऊ नकोस. आणि अगदीच राहवलं नाही तर मेच्या शेवटाला ये, तेव्हा झाडाला फूल असतं. मागच्या दारानं ये. मी तुला आत घेईन, वाटेल तेवढे दिवस ठेवून घेईन, आणि तू आल्याचं कुणालाही कळू देणार नाही.